धूर सरला, हवा नाही

लेझरच्या हिरव्या पट्ट्यात 40 मिमी व्यासाचा पितळी गोळा, त्याला 25 किलोव्होल्ट डीसी, आणि भोवती दीड सेंटिमीटरचं स्वच्छ काळं वलय. धूर त्या वलयाला वळसा घालून पुढे जात होता, आत शिरत नव्हता. गोळा घेऊन आलेल्या गृहस्थांचं म्हणणं सरळ होतं: विद्युतक्षेत्र हवेला बाजूला ढकलतंय, गोळ्याला हवा शिवतच नाही, मग हवेचा अवरोध कसला? खरं सांगायचं तर पहिली पाच मिनिटं मलाही उत्तर सुचलं नव्हतं.

कागदावरचं गणित अर्ध्या पानाचं आहे. या गोळ्याच्या पृष्ठभागावर क्षेत्र येतं सेंटिमीटरला 12.5 किलोव्होल्ट. त्यातून मिळू शकणारा दाब साधारण 7 पास्कल. व्होल्टेज वाढवत नेलं तर सेंटिमीटरला 30 किलोव्होल्टच्या आसपास हवाच फुटते, ठिणगी पडते. तिथपर्यंत पोचलात तरी दाब 40 पास्कल. वातावरणाचा दाब 1,01,325. म्हणजे हवा हटवायला जे लागतं त्याचा अडीच हजारावा हिस्सा, आणि तोही फक्त भारित कणांवर. साध्या रेणूला समान क्षेत्रात काही फरक पडत नाही. कोट्यवधींत एखादा आयन, म्हणजे भारित रेणू, असतो, तो शेजाऱ्यांवर आपटत त्यांना थोडं ओढून नेतो, इतकंच. चुंबकाचा मुद्दाही निघालाच. अर्ध्या टेस्लाचा चुंबकीय दाब जवळजवळ एक वातावरण भरतो हे खरं, पण तो जाणवतो वीज वाहून नेणाऱ्या प्लाझ्माला, म्हणजे आयन झालेल्या वायूला. खोलीतली हवा वीज वाहत नाही, आणि तिच्यातला ऑक्सिजन तर चुंबकाकडे उलट ओढला जातो.

पण डोळ्यांसमोर वलय असताना कागद कोण वाचतो? मोजायचं ठरलं.

गोळ्याच्या पृष्ठभागावर अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडलं, आतून ॲक्रिलिकच्या दांड्यातून सिलिकॉनची नळी काढून ±25 पास्कलच्या डिफरन्शियल गेजला, म्हणजे दोन ठिकाणच्या दाबांतला फरक दाखवणाऱ्या मापकाला, जोडली. हवा खरोखर हटली असेल तर इथला दाब कोसळायला हवा. व्होल्टेज चढवलं आणि गेजने उणे 4 दाखवलं! गृहस्थांचा चेहरा उजळला. आमच्या तंत्रज्ञाने काही न बोलता नळी चिमट्याने दाबून बंद केली. आकडा उणे 4 वरच. नळी बंद असताना दाब दाखवणारं गेज दाब मोजत नसतं, ते हाय व्होल्टेजचा गोंगाट मोजत असतं. हा चिमट्याचा प्रयोग शिकवला जात नाही, आणि छापील आलेखांत त्याचा उल्लेख मला क्वचितच दिसतो. गेज अर्थ केलेल्या लोखंडी डब्यात घातलं, नळी दोन मीटरची केली. आता शून्य, फार तर 0.3 चा चढउतार. वलय मात्र जसंच्या तसं.

मग वलयात नव्हतं काय? धूर.

गोळ्याच्या बुडाशी दांड्याचा स्क्रू अर्धा मिलिमीटर बाहेर डोकावत होता. दिवे घालवल्यावर त्याच्या टोकावर जांभळट ठिपका दिसला, ओझोनचा वासही होताच. तो कोरोना, म्हणजे टोकाशी हवेत होणारा मंद विद्युतस्राव; तो आयन ओकत होता, ते धुराच्या कणांना चिकटत होते, आणि गोळ्याच्याच जातीचा भार घेतलेले कण गोळ्यापासून दूर पळत होते. एक मायक्रॉनचा कण, शंभरेक इलेक्ट्रॉनांइतका भार, सेंटिमीटरला 10 किलोव्होल्ट: वेग येतो सेकंदाला 10 सेंटिमीटर. प्रात्यक्षिकातला वारा होता सेकंदाला 20. सावकाश वाऱ्यात इतकं पळणं वलय पाडायला पुरतं. वारा 2 मीटरवर नेला तर वलय दिसेनासं झालं. स्क्रूवर सोल्डरचा थेंब देऊन कानशीने गोल केला, पॉलिश पेपर मारला, तेव्हा मंद वाऱ्यातही उरलं नाही. प्रत्येक वेळी हात लावण्याआधी अर्थिंगची काठी टेकवायची. गोळ्यात साठलेला भार नगण्य, धोका सप्लायच्या कपॅसिटरमधला आणि केबलमधला.

गृहस्थ रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, मग कुठेच होत नाही का? होतं, फक्त वेगळ्या अर्थाने. 2018 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने 40 किलोव्होल्टवर 2.45 किलोचं, 5 मीटर पंखांचं विमान सुमारे 60 मीटर उडवलं. ते आयनांकरवी हवा मागे ढकलून पुढे जातं, स्वतःभोवतालची हवा हटवत नाही. अमेरिकेतल्याच ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेतल्या प्लाझ्मा खिडकीत एका बाजूला वातावरण आणि दुसऱ्या बाजूला निर्वात असतो, पण भोक काही मिलिमीटरचं आणि आत हजारो अंशांचा आर्क. तिथे अडवण्याचं काम तापून विरळ आणि चिकट झालेल्या वायूचं आहे.

माझ्या डोक्यातून जात नाही ते निराळंच. आम्हीही प्लाझ्मा प्लेटांचे, म्हणजे विजेने पृष्ठभागालगत वारा निर्माण करणाऱ्या पट्ट्यांचे, वेग धुरावरूनच काढत आलोय: पातळ तांब्याची पट्टी वर, कॅप्टॉनच्या (वीजरोधक प्लास्टिकच्या) फितीखाली झाकलेली दुसरी, काही किलोहर्ट्झचं एसी. धूर वाऱ्यासारखा वाहतो हे गृहीतच धरलं होतं. भारित धूर वाऱ्यासारखा वाहत नाही, हे एका पितळी गोळ्याने सांगावं लागलं, याचा राग आहेच. काल त्यातली एक जुनी प्लेट काचेच्या बारीक पिटो नळीने, म्हणजे दाबावरून वाऱ्याचा वेग सांगणाऱ्या नळीने, मोजली. धातूची नळी तिथे चालत नाही, ठिणगी ओढून घेते. सेकंदाला 2.6 मीटर. अहवालात 3.4 लिहिलंय. फितीची कड प्लाझ्माने खाऊन पांढुरकी झाली होती, त्यामुळे फरक धुराचा की फितीचा हे नवी प्लेट चिकटवल्याशिवाय कळणार नाही.