चिंगीच्या वाटणीची खीर

गुरुवार, रात्री

आज ह्यांच्या तिथीचं श्राद्ध झालं. पितृपंधरवड्यात रामकुंडावर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून गुरुजींना घरीच बोलावलं. स्वयंपाक मीच केला. वडे, खीर, कढी, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. खिरीत बेदाणे घालायच्या आधी एक वाटी बाजूला काढली. ती चिंगीची.

द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नाही, एक मणीसुद्धा खाली पडू देऊ नका म्हणाले. आणि नाशिकच्या घरात द्राक्षांशिवाय फेब्रुवारी-मार्च जातो कुठे! दिंडोरीहून भाचा पेटी आणून टाकतो, ती आता थेट फडताळाच्या वरच्या कप्प्यात जाते. कांदा-लसूणही तिला चालत नाही. श्राद्धाच्या स्वयंपाकात तो नसतोच, म्हणून आज अर्धा वडासुद्धा मिळाला.

कावळ्याचा, गायीचा, कुत्र्याचा असे घास काढायचे. सासूबाई होत्या तेव्हापासून कुत्र्याचं पान फाटकाबाहेर ठेवायची पद्धत, गल्लीतलं जे येईल ते खाईल. आज ते पान पहिल्यांदा स्वयंपाकघरात मांडलं. गुरुजी काही बोलले नाहीत. चिंगीने आधी खीर चाटूनपुसून संपवली, पान नाकाने ढकलत भिंतीपर्यंत नेलं, मग वडा तोंडात धरून सोफ्यामागे गेली. तिथे तिची सगळी इस्टेट असते: माझा एक मोजा, नारळाची शेंडी, चावून चपटा झालेला चेंडू.

ह्यांना कुत्र्यांची भीती होती. लहानपणी एक चावलं होतं आणि तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. ती आठवण आयुष्यभर राहिली. सोमेश्वरला फिरायला जाताना लांबून कुत्रं दिसलं तरी माझा हात धरून रस्ता ओलांडायचे. घरात कुत्रं आणायचा विषय मी कधी काढलाच नाही.

ते गेले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात चिंगी जिन्याखाली सापडली. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं, लोक दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर चढलंय ते बघायला गेले होते आणि इथे हे ओलंचिंब पिल्लू कुडकुडत बसलेलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "त्यांनीच पाठवलंय हो तुमच्या सोबतीला." त्यांनी मायेनेच म्हटलं, पण मला नाही पटत. ते कुत्रं पाठवणारे नव्हतेच.

मला बरं वाटतं ते वेगळ्याच कारणाने. चिंगीने ह्यांना पाहिलेलं नाही. घरी येणारा प्रत्येक माणूस आधी खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली येतो. हळदीकुंकवाचं बोलावणं आता येत नाही. २०२२ साली कोल्हापूरकडच्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा ह्यांनीच पेपरातली बातमी मला मोठ्याने वाचून दाखवली होती. आमच्या सोसायटीत अजून कुणाला ती ऐकू गेलेली दिसत नाही. चिंगीला मात्र मी अर्धी दिसत नाही. तिच्या लेखी मी आख्खी आहे, पहिल्यापासून अशीच आहे. सकाळी सहाला ती पदर ओढते तेव्हा गोदापार्कला जावंच लागतं, रडून डोळे सुजलेले असोत नाहीतर नसोत.

एक गोष्ट मात्र बोचते, आणि ती कुणाजवळ बोलता येत नाही. ते असते तर चिंगी या घरात आली नसती. तिच्या पोटावर हात ठेवून बसते, तिचा श्वास हाताला लागतो, सुख वाटतं, आणि हे सुख त्यांच्या जाण्याच्या वाटेने आलंय हेही कळतं. मग मी तिला त्यांच्याबद्दल सांगत बसते. ते चहा बशीत ओतून प्यायचे, दर रविवारी मिसळ लागायची, तुला बघून जिन्यातच थांबले असते. ती ऐकते, कंटाळली की झोपते.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, आता पुण्यालाच ये ना कायमची." त्यांच्या इमारतीत कुत्री चालत नाहीत. तिला सांगितलं, दिवाळीला चार दिवस येईन, तेही चिंगीला ठेवायची सोय झाली तर. ती थोडी रागावली. उद्या सकाळी फिरून आल्यावर तिला परत फोन करायचा आहे, हेच सगळं नीट सांगायला.