वाय दाबायचा की एन

लग्नसराईचे दिवस. पत्रिका छापणाऱ्या एक ताई सकाळीच सीपीयूचा डबा घेऊन दुकानात आल्या. नवा प्रोसेसर, रायझन ५ ५६००, मागवला होता, भावाने घरीच बसवला. पंखा फिरतोय, डिस्प्ले नाही. "दादा, मदरबोर्ड गेला का हो?"

बोर्ड ठीक होता. बी४५० चिपसेट, २०१८ साली आलेला. ५६०० आला २०२२ मध्ये. दोघांचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, एकच, एएम४, पण बोर्डातला जुना बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा चिपमधला प्रोग्रॅम, या प्रोसेसरला ओळखत नव्हता.

बायोसला मी उगाच हात लावत नाही. लॅनचा, साउंडचा ड्रायव्हर बिघडला तर काढून जुना टाकता येतो. बायोस अर्धवट लिहिला गेला तर बोर्ड उठतच नाही. मग चिपला क्लिप लावून प्रोग्रॅमरने लिहीत बसायचं. नवा प्रोसेसर, सिक्युरिटीचा दोष, किंवा कंपनीने आपलाच त्रास नाव घेऊन दुरुस्त केलाय, एवढ्यासाठीच करावा. इथे कारण पक्कं होतं.

ताईंनी जुना प्रोसेसर, २६००, सोबत आणला होता, तो बसवला. बोर्डवर छापलेलं मॉडेल आणि रिव्हिजन वाचून फाइल उतरवली. नाव एक असलं तरी रिव्हिजन बदलली की बायोस बदलू शकतो. मशीन यूपीएसवर घेतली. अपडेट झाल्यावर सेटिंग्ज मूळपदावर जातात, म्हणून सिक्युअर बूट (खात्रीचीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सेटिंग) पुन्हा चालू केलं. विंडोज उघडून न बघता लगेच ५६०० बसवला. ही माझी घाई.

डिस्प्ले आला, ताई हसल्या. पण समोर काळ्या पडद्यावर इंग्रजी मजकूर: नवा सीपीयू (प्रोसेसर) बसवलाय, एफटीपीएम रीसेट करायला वाय दाबा, बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की शिवाय मशीन सुरू होणार नाही. एफटीपीएम म्हणजे प्रोसेसरमधली चाव्यांची तिजोरी, बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, आणि रिकव्हरी की म्हणजे त्या कुलपाची राखीव चावी.

माझं बोट वायवरच होतं. तसंच थांबवलं. "ताई, यात बिटलॉकर आहे?"

"ते काय असतं?"

म्हणजे त्यांना ठाऊक नव्हतं. बिटलॉकर नव्हतंच असं नाही. मशीन ज्याने बसवून दिली तो आता फोन उचलत नाही. बॅकअपही नाही, आणि आत परवाच्या तीन लग्नांच्या पत्रिका.

एन दाबून मशीन बंद केली. एफटीपीएमच्या चाव्या जुन्या प्रोसेसरशी बांधलेल्या असतात, म्हणून पुन्हा २६००. एएम४ च्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि मधली पेस्ट धरली की हीटसिंकबरोबर (त्याला थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याबरोबर) तो उपटून येतो, पिना वाकतात. म्हणून काढताना हीटसिंक डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सैल केला. हात थरथरत होते.

विंडोज सुरू झालं. सी ड्राइव्हच्या चिन्हावर कुलूप! बिटलॉकर होतंच.

आधी सगळ्या पत्रिका बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. मग रिकव्हरी की उघडली: ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. मी एकेक गट वाचत गेलो, ताई ऑर्डरच्या वहीत मागच्या पानावर लिहीत गेल्या. मग वही माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "आता मी स्क्रीनवरून वाचते, तुम्ही वहीत बघा." सातव्या गटात एक आकडा चुकला होता, तो खोडून नीट लिहिला.

बिटलॉकर सस्पेंड केलं, म्हणजे तात्पुरतं थांबवलं, ५६०० बसवला, तोच मजकूर पुन्हा आला, आणि या वेळी वाय दाबला. विंडोज सुरळीत उघडलं. चिपसेटचा ड्रायव्हर टाकेपर्यंत ताईंनी तिथेच पहिली पत्रिका उघडून बघितली.