किसो खोऱ्यातले निवांत दिवस: हिनोकीचं जंगल, जुनी वाट आणि बिनमिठाचं लोणचं

जपानात नागोयाहून सकाळची गाडी धरायची, मागोमे ते त्सुमागो या दोन जुन्या गावांमधली वाट चालायची, फोटो काढायचे आणि रात्री परत नागोयाला. किसो खोरं असं एका दिवसात उरकणारे बरेच भेटतात. माझं स्पष्ट मत आहे की तेवढाच वेळ असेल तर जाऊच नका. संध्याकाळी पाचच्या सुमारास दुकानांच्या फळ्या पडल्या की हे खोरं खऱ्या अर्थानं सुरू होतं, आणि नेमक्या त्याच वेळी ही मंडळी परतीच्या गाडीत असतात. निदान तीन रात्री द्या. एक-दोन त्सुमागोत, एक-दोन किसो-फुकुशिमात.

(हे फुकुशिमा म्हणजे अणुभट्टीवालं नव्हे. ते ईशान्येला, इथून खूप लांब. नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर आमच्यासारखे फोन येतात.)

आम्ही तिघं होतो: मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई सत्तरीच्या, गुडघे कुरकुरणारे, आणि पक्क्या शाकाहारी. त्यामुळे खालचा सल्ला बऱ्याच अंगांनी तावून सुलाखून निघालेला आहे. ऑक्टोबरचा शेवट होता, मेपल लाल व्हायला लागले होते.

एदो म्हणजे आजचं टोकियो. तिथून क्योतोला डोंगरातून जाणारा जुना रस्ता तो नाकासेन्दो. त्यावर मुक्कामाची ६९ गावं होती, त्यातली ११ या किसो खोऱ्यात. मागोमे हे त्यातलं दक्षिणेचं टोक. नागोयाहून 'शिनानो' एक्सप्रेसनं नाकात्सुगावा साधारण पन्नास मिनिटं, तिथून बसनं मागोमे अर्धा तास. गाव चढावर वसलंय, फरसबंदी रस्ता, दोन्हीकडे दुकानं. दिसायला सुंदर, पण आगीत दोनदा जळून पुन्हा उभं राहिलेलं, आणि दुपारी गर्दी फार. आम्ही तिथे फक्त गोहेइ-मोची खाल्ली: भात अर्धवट कुटून, काडीला थापून, अक्रोड-तिळाचा गोडसर-खारा लेप लावून निखाऱ्यावर भाजलेला. लेप जरा करपतो तिथे खरी चव. सासूबाईंनी दुसरी मागितली.

मागोमे ते त्सुमागो वाट साधारण आठ किलोमीटर. अडीच-तीन तास पुरतात, रेंगाळायचं तर चार धरा. मागोमेकडूनच सुरुवात करा. मागोमे उंचावर आहे, त्यामुळे सुमारे ८०० मीटर उंचीच्या खिंडीपर्यंत थोडाच चढ लागतो, पुढे सगळा उतार. उलट बाजूनं येणारे घामाघूम दिसत होते. वाटेत जागोजाग पितळी घंटा टांगल्यात. अस्वलांना आपली चाहूल लागावी म्हणून त्या जोरात वाजवायच्या. लाजू नका. अलीकडच्या वर्षांत जपानात अस्वलांचा वावर वाढलाय, आणि स्थानिक माणसंसुद्धा वाजवूनच पुढे जातात.

खिंड उतरल्यावर चहाचं एक जुनं घर लागतं. स्वयंसेवक चालवतात, पैसे मागत नाहीत, पेटीत आपल्या मनानं टाकायचे. मध्ये चुलवण, वर काळ्याकुट्ट आकड्याला लटकलेली किटली, आणि धुरानं वासे असे चकाकत होते की कोणी रोगण लावलंय असं वाटावं. तिथल्या आजोबांनी 'इंदो?' म्हणजे 'भारत का?' असं विचारून सासूबाईंना शेजारी बसवून घेतलं. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, तरी दहा-पंधरा मिनिटं गुडघ्यांवर चर्चा झाली.

मोठ्या बॅगा पाठीवर घेऊन चालू नका. हंगामात दोन्ही गावांच्या पर्यटन कार्यालयांत सामान पोचवायची सोय असते. सकाळी बॅग टाकायची, दुपारी दुसऱ्या गावात उचलायची. उशीर झाला तर त्या दिवशीची फेरी चुकते, म्हणून वेळ आधी विचारून घ्या.

त्सुमागोबद्दल थोडं जास्त लिहिते. रेल्वे आली ती या गावाला बाजूला टाकून, आणि गाव ओस पडत गेलं. १९६०च्या दशकात लोकांनी घरं पाडून नवी बांधण्याऐवजी जुनीच दुरुस्त करायला घेतली आणि आपल्यापुरता नियम केला: घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९७६ मध्ये सरकारनं देशात पहिल्यांदा जी वस्त्यांची यादी संरक्षित म्हणून जाहीर केली, तिच्यात त्सुमागो होतं. मुख्य रस्त्यावर विजेचा खांब दिसत नाही, दिवसा गाड्यांना बंदी.

इथलं ओकुया हे घर चुकवू नका. ते १८७७ सालचं, आणि अख्खं हिनोकी म्हणजे जपानी सायप्रसच्या लाकडाचं. ही श्रीमंती मिरवायला कारण होतं. त्याआधी दोनेकशे वर्षं इथल्या माणसाला स्वतःच्या डोंगरावरचा हिनोकी तोडायची बंदी होती. बंदी उठली आणि मालकानं हौस भागवून घेतली.

ती बंदी समजली की अकासावाचं जंगल समजतं. सतराव्या शतकाच्या आगेमागे किल्ले आणि शहरं बांधायला किसोतले डोंगर उघडेबोडके झाले. मग ओवारीच्या, म्हणजे नागोयाकडच्या, सरदार घराण्यानं जंगलं बंद केली आणि पाच झाडं तोडायला मनाई केली: हिनोकी, सावारा, असुनारो, नेझुको, कोयामाकी. 'हिनोकी एक, मुंडकं एक' अशी म्हणच पडली. गावकऱ्यांच्या दृष्टीनं हा जुलूम होता, आणि त्याच जुलमामुळे आज तीनशे वर्षांचे हिनोकी उभे आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिथल्या माहितीफलकांवर दुसरी जरा जास्त ठळक वाटली.

अकासावा आगेमात्सु गावच्या हद्दीत, हजार मीटरच्या वर. 'शिनरिन-योकू' म्हणजे जंगलस्नान हे प्रकरण आज जगभर विकलं जातं, त्याचा पहिला कार्यक्रम १९८२ मध्ये इथेच झाला. नाव विसरा आणि नुसतं चाला. ओढ्याकाठची 'फुरेआई' वाट सपाट, चाकाच्या खुर्चीलाही चालणारी. सासूबाई ती काठीशिवाय पूर्ण चालल्या. आम्ही दोघं वरच्या वाटेनं गेलो. तिथे एका हिनोकीखाली मी उकिडवी बसले. खोड जमिनीला टेकलेलंच नव्हतं. गुडघ्याएवढ्या उंचीवर चार-पाच जाड मुळांवर ते उभं, आणि खाली पोकळीत ओलं शेवाळ. झालंय असं, की जुन्या तोडीतल्या बुंध्यावर बी पडून रोप रुजलं, मुळं बुंध्याला कवटाळत खाली उतरली, मग बुंधा कुजून गेला. ती पोकळी म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी तोडलेल्या झाडाचा साचा. अशी झाडं बरीच आहेत, खाली वाकून बघा.

इसेचं शिंतो महामंदिर दर वीस वर्षांनी नव्यानं बांधतात, तेही हिनोकीचंच. मागचं २०१३ ला झालं, पुढचं २०३३ ला. त्यासाठीचं पवित्र लाकूड तोडण्याचा विधी जून २०२५ मध्ये आगेमात्सुच्याच डोंगरात झाला. नुसत्या कुऱ्हाडीनं, तीन बाजूंनी खोड पोखरत, तीन पायांवर झाड तोलून मग पाडायचं. १९८५ च्या विधीतले बुंधे अकासावात जपून ठेवलेत. जुनी लाकूडवाहू रेल्वे आता पर्यटकांना जेमतेम अकराशे मीटर नेऊन परत आणते. बालिश वाटेल, पण बसा. ओढ्याच्या कडेनं मजेत जाते.

अकासावाची बस रोज नसते, हे नीट ध्यानात ठेवा. ठरावीक महिने, ठरावीक वार, मोजक्या फेऱ्या. तारखा बघून मगच मुक्काम आखा. नाहीतर आगेमात्सुहून टॅक्सी, अर्ध्या तासाचा रस्ता, तिघं-चौघं असाल तर परवडते. जंगल एप्रिलअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडं. वर गारठा असतो, ऑक्टोबरमध्ये स्वेटर लागतोच.

आता जेवण. घरगुती खानावळवजा मुक्काम, म्हणजे मिनशुकु, तिथे जेवणासकट राहा. जेवण सहाच्या ठोक्याला, पाचपर्यंत पोचायचं. ताटात भाजलेला नदीतला मासा, रानभाज्यांचं तेम्पुरा म्हणजे भजी, सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, आणि मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप. कुठे कुठे घोड्याचं कच्चं मांस आणि साखर-सोयात परतलेले टोळही येतात. नवऱ्यानं टोळ खाल्ले. कुरकुरीत, गोड, फारसं विशेष नाही म्हणाला.

शाकाहाऱ्यांनी मात्र बुकिंग करतानाच लिहून कळवा: मांस-मासे नकोत, आणि 'दाशी' म्हणजे मासे उकळून काढलेलं चवीचं पाणीही नको. नुसतं 'शाकाहारी' म्हणून भागत नाही. सूप, सोबाचं तोंडीलावणं, उकडलेली भाजी, सगळ्यात दाशी असतं. काही छोट्या जागा नम्रपणे नाही म्हणतील. ते बरंच, ऐनवेळी पंचाईत होत नाही. आमच्या मालकीणबाईंनी कोम्बु म्हणजे समुद्री शेवाळाच्या पाण्यात सगळं वेगळं केलं. भात लाकडी टोपलीवजा भांड्यात आला, सावाराच्या लाकडाचं. वास नाही आणि वाफ शोषून घेतं, त्यामुळे भात चिकचिकत नाही. न्हाणीघरातला टब हिनोकीचा. तोडायला बंदी असलेली झाडं अशी आता रोजच्या वापरात भेटतात. भाताला ददात नसते, तेव्हा मेतकुटाची पुडी जवळ ठेवा.

सुनकी मात्र चाखाच. लाल सलगमाचा पाला, बिनमिठाचा आंबवलेला. समुद्र लांब, मीठ महाग, म्हणून डोंगरातल्या बायकांनी मिठाशिवाय टिकवायची युक्ती काढली. मागच्या वर्षीच्या सुनकीचं विरजण लावतात, अगदी आपल्या दह्यासारखं. नवं हिवाळ्यात निघतं. आम्हाला मागचं, सुकवलेलं मिळालं. आंबट, मातकट, दुसऱ्या घासाला आवडतं. नाकात्सुगावाची कुरीकिन्तोन ही चेस्टनट आणि साखरेची मिठाई शरद ऋतूतलीच, सकाळी लवकर घ्या, संपते.

रोख येन जवळ ठेवा, त्सुमागोत कार्ड सगळीकडे चालत नाही. एवढ्याच भागासाठी रेल्वेचा देशभराचा पास काढू नका; २०२३ मध्ये सात दिवसांचा ५०,००० येन झाला, सुटी तिकिटं स्वस्त पडतात आणि बस त्यात येत नाहीत. लोकल गाड्यांत तास-दीड तासाचं अंतर असतं, वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. एक दिवस जास्त असेल तर खोऱ्याच्या उत्तरेकडच्या नाराई गावाला जा, किलोमीटरभर लांब जुना बाजार आणि लाखेची भांडी. टोकियोहून येणाऱ्यांनी शिंजुकू-शिओजिरी मार्ग धरावा, नागोयाचा वळसा नको.

नागोयाला परतताना शिनानोत उजव्या हाताची खिडकी मागा. आगेमात्सु गेल्यावर लगेच नदीत पांढऱ्या खडकांचे चौकोनी ठोकळे दिसतात, नेझामे-नो-तोको. गाडी थांबत नाही, कॅमेरा आधीच काढून ठेवा.