पळायला डोंगर

मंगळवार, रात्री उशिरा

ताई फोन ठेवता ठेवता म्हणाली, "तुझं बरं आहे बाई, तुला पळायला डोंगर आहेत." रागावून नाही, थकून म्हणाली. तिच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. लगेच तिने अण्णांच्या रात्रीच्या गोळीचं विचारलं आणि फोन ठेवला. वाक्य मात्र सकाळपासून माझ्याकडेच राहिलंय. ऑफिसात डबा खाताना होतं, संध्याकाळी द्वारकेच्या चौकात अडकले तेव्हा होतं, आणि आता अण्णा झोपले तरी आहेच.

पळते का मी?

महिन्यातला एखादा रविवार. पहाटे उठून अण्णांचा उपमा झाकून ठेवायचा, गोळ्या डबीत दिवसाच्या क्रमाने लावायच्या, बाईंना फोन करून त्या निघाल्यात याची खात्री करायची, मग सॅक उचलायची. घोटी येईपर्यंत डोकं घरीच असतं. बारी गावाच्या पुढे रेंज जाते तोवर फोन हातातून सुटत नाही. बाकीचे एकोणतीस दिवस कोणी मोजत नाही, मोजला जातो तो हा एक. आणि हे पुण्याला राहून म्हणावं... जाऊ दे. त्यावर लिहायला बसले नव्हते.

ताईला सगळे डोंगर सारखेच. पण मी हल्ली डोंगर चढत नाही फारसे, दऱ्यांत उतरते, हे तिला सांगूनही तिच्या लक्षात राहत नाही. एके काळी मलाही माथ्यांचंच वेड होतं. साल्हेर १५६७ मीटर, कळसूबाई १६४६ मीटर, सगळे आकडे तोंडपाठ. माथ्यावर पोचलं की लोक बोटं दाखवायला लागतात: तो अलंग, तो मदन, तो कुलंग, ते रतनगडाचं नेढं. छान वाटतं, अजूनही वाटतं. पण नजर सारखी दुसरीकडेच असते. आणि जमत नाही असं वाटलं तर माणूस अर्ध्या वाटेतून मागे फिरू शकतो.

सांधणच्या दरीत तसं नाही. साम्रद गावातून झाडीतल्या पायवाटेने थोडं चाललं की जमीनच चिरलेली दिसते. आत शिरलं की दोन्ही बाजूंचे कातळ दोनशे-तीनशे फूट वर जातात आणि आकाशाची एक पट्टी उरते. तळाशी ऊन येतं ते भर दुपारी, तेही थोडा वेळ. डोहातलं पाणी जानेवारीत असं गार असतं की पोटाला लागलं की श्वास अडकतो. गावातला पोरगा सगळ्यांच्या सॅक डोक्यावर धरून पाण्यातून पलीकडे नेतो, पुन्हा येतो, पुन्हा नेतो. पावसाळ्यात मात्र आत जायचं नाही म्हणजे नाही. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की ते सगळं पाणी याच फटीतून कोकणात पडतं, आणि आतल्या माणसाला ते वेळेवर कळत नाही.

पुढे घळ तुटते, तिथे दोर लावतात. कड्यातल्या कडीतून दोर दुहेरी सोडलेला असतो. हार्नेसचे पट्टे पुन्हा एकदा ओढून बघायचे, एटमध्ये, म्हणजे इंग्रजी आठाच्या आकाराच्या धातूच्या कडीत, दोर घालायचा, ती हार्नेसला अडकवणाऱ्या कॅराबिनरचा, म्हणजे उघडबंद होणाऱ्या कडीचा, स्क्रू बंद आहे ना ते बोटाने चाचपायचं. मग पाठ दरीकडे करून मागे रेलायचं. भीती मला वाटते, दर वेळी वाटते, सवयीने कमी झालेली नाही. खाली पोचून एट सोडवायला जावं तर हाताला चटका बसतो, इतका तो दोराच्या घासणीने तापलेला असतो.

शेवटचा माणूस उतरला की खालून दोराचं एक टोक ओढतात. दुसरं टोक वर वर जातं, कडीतून निसटतं आणि सगळा दोर सळसळत अंगावर येतो. मला वाटतं मी त्यासाठी जाते. त्यानंतर वर जायची सोय नाही. पुढेच जायचं, मग करोली घाटाने वर साम्रदला या नाहीतर खाली डेहण्याला उतरा. निर्णय झाला, संपला. आता रात्री दोन वाजता उठून तो कोणी पुन्हा उकरून काढणार नाही.

घरात असं काहीच संपत नाही. अण्णांसाठीच्या त्या संस्थेचा फॉर्म दिवाळीपासून कपाटाच्या खणात आहे. ताई म्हणते भर, मी म्हणते बघू. अण्णा एखाद्या सकाळी लख्ख असतात, पेपरातला निफाडचा पारा वाचून दाखवतात, की वाटतं फाडून टाकावा. आणि त्याच संध्याकाळी... असो.

पण मग पळायचंच असतं तर ज्या जागेतून पळता येत नाही तीच कशाला शोधली असती? हे ताईला सांगावंसं वाटतंय दिवसभर. वाक्यं जुळवतेय, खोडतेय. तिने मागितलेला नाही असा खुलासा कुणाला देतेय कळत नाही.

लिहिता लिहिता आणखी एक लक्षात आलं, आणि त्याने जरा हलकं वाटतंय. अण्णा धडधाकट होते तेव्हाही मी जायचेच. घरात काहीही बिनसलेलं नव्हतं, नोकरी नवी होती, ताई इथेच होती, तरी सुट्टी आली की मी सॅक भरायचे. तेव्हा कशापासून पळत होते? कशापासूनच नाही. मला दगड आवडतात. लहानपणी अण्णा आम्हा दोघींना पांडवलेणीच्या डोंगरापलीकडच्या खाणींकडे न्यायचे. फोडलेल्या काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरे, गुलाबी स्फटिक बसलेले असायचे. ताई सावलीत थांबायची. अण्णा स्फटिक तळहातावर घेऊन सांगायचे, हा स्टिल्बाइट, हा अपोफिलाइट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले, गार होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, नंतर पाणी झिरपलं आणि त्या पोकळ्यांत हे वाढले. सांधणच्या भिंतीवर हेडटॉर्च मारला की तसेच पांढरे ठिपके दिसतात. मी थांबते, नखाने खरवडून बघते, मागचे ओरडतात की चल.

तर हे एवढंच आहे. मोठं कारण नाही, कुणाविरुद्ध नाही. काळ्या कातळाच्या पोटात शिरायला मिळालं की मला आनंद होतो, आणि तो आनंद अण्णांच्या आजारपणाआधीचा आहे. आजारपणाने त्याला दुसरा अर्थ चिकटवला, ताईच्या मनात आणि थोडा माझ्याही. ती म्हणते तसं पळणं त्यात असेलही थोडं. रेंज गेल्यावर खांदे उतरतात, ते मला जाणवतं. असू दे. त्यासाठी रविवार सोडणार नाही.

ताईलाही असं काहीतरी हवं असणार. सकाळी ती मला टोचत नव्हती, तिला स्वतःचं वाईट वाटत होतं बहुतेक, आणि ते विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

ग्रुपवर गुरुवारपर्यंत नावं द्यायची आहेत, या वेळी मुक्काम साम्रदला, म्हणजे दोन दिवस. उद्या तिला फोन करून सांगणार आहे की शनिवार-रविवार तू नाशिकला ये, अण्णांजवळ रहा, मी जातेय. आणि सोमवारची रजा दोघींनी टाकू. फॉर्म खणातून काढून समोरासमोर बसू, भरायचा की फाडायचा ते त्या दिवशी ठरवू. अण्णा जागे असताना, त्यांच्यासमोर.