हिरवाच कोपरा का फाटतो? सापडलं एकदाचं

मंडळी, बाल्कनीच्या ग्रिलवर दांडा लावून फडकवलेला तिसरा तिरंगाही गेला. पुन्हा तसाच: हिरव्या पट्ट्याचा मोकळा कोपरा, दुमडीचे टाके उसवलेले आणि तिथून बोटभर चीर. केशरी कोपरा मात्र कोरा करकरीत. फाटका तिरंगा लावायचा नाही, म्हणून तो घडी करून कपाटात ठेवलाय. ध्वजसंहितेत सांगितलंय तसा खासगीत, मानाने निरोप देईन.

इतके दिवस मी शिवणीला शिव्या घालत होतो. पहिले दोन ज्याच्याकडून घेतले त्याला तर जरा जास्तच, कारण त्याचा ‘900 बाय 600’ मिमीचा झेंडा टेपने मोजला तेव्हा 880 बाय 560 भरला. ज्याला लांबी-उंचीचं 3:2 प्रमाण साधत नाही तो टाके काय घालणार! पण तिसरा खादीचा होता, कडेला दुहेरी शिवण असलेला. तोही तिथेच फाटला म्हटल्यावर संशय कापडावरून ग्रिलवर गेला.

प्रयोगाला खरा झेंडा लावायची हिंमत नव्हती. जुनी चादर त्याच मापाची कापली, कडा दुमडून शिवल्या, हिरव्या पट्ट्याच्या बाजूच्या मोकळ्या कोपऱ्याला सुकी नीळ चोळली आणि रात्रभर सोडली. सकाळी ग्रिलच्या तीन गजांवर निळे फटकारे, आणि दांडा ग्रिलला धरणाऱ्या क्लॅम्पच्या बोल्टाच्या आट्यांत चादरीचा धागा अडकलेला. बोल्ट मीच बसवलेला, गरजेपेक्षा लांब, टोक उघडं. बोल्टावर आता टोपीवाला नट चढवलाय. पण गजांचं काय?

मग कागद-पेन्सिल घेतली, जी पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती. दांडा दीड मीटर, 45 अंशांत तिरका. झेंड्याची 600 ची बाजू वरच्या टोकाला, म्हणजे ती संपते क्लॅम्पपासून 900 मिमीवर. तिथून ग्रिलपर्यंतचं आडवं अंतर जेमतेम 636. झेंड्याची लांबी 900! वारा घराकडे वळला की 264 मिमी कापड गजांवर आपटणारच. वरच्या टोकाचं अंतर 1060 भरतं, म्हणून केशरी पट्टा शाबूत. तीन झेंडे घालवून मी हे त्रिकोणमितीचं गणित सोडवलं.

झेंडा उलटा बांधून सुटका नाही, आणि सुचवूही नका. बाल्कनीतून बाहेर काढलेल्या दांड्यावर केशरी पट्टा दूरच्या टोकाकडेच हवा. नुकसान होईल अशा रीतीने झेंडा बांधूच नये, हेही संहितेतच आहे. तेव्हा दोष माझाच. जुलै 2022 च्या बदलानंतर घरी रात्रीही ठेवता येतो, म्हणून मी संध्याकाळी उतरवायचा आळस करत होतो, आणि आमच्याकडे वारा फिरतो तो रात्रीच.

उपाय म्हणून खालचं माप, 450 बाय 300, मागवलं होतं. त्याला 848 मिमी मोकळी जागा मिळते, प्रश्नच मिटतो. पण खाली रस्त्यावरून तो हातरुमालाएवढा दिसेल. मग दुसरं गणित केलं: दांडा 1.8 मीटर आणि आडव्या रेषेशी कोन 30 अंश. झेंड्याच्या खालच्या टोकाचं अंतर 1039, म्हणजे 900 च्या झेंड्यालाही 139 मिमी शिल्लक! छोट्याची ऑर्डर लगेच रद्द केली. क्लॅम्पवर ताण वाढेल, म्हणून एकाऐवजी दोन क्लॅम्प, वीतभर अंतराने.

झेंडा दांड्याभोवती गुंडाळला जाण्याचा प्रश्न मात्र मिटलाय, आणि याचा मला फाटण्याच्या दुःखाहून जास्त आनंद आहे. बाजारातल्या फिरत्या रिंगा दोन महिन्यांत गंजून अडकल्या होत्या. आता ॲल्युमिनियमच्या दांड्यावर सैल फिरणारी पीव्हीसी नळी घातलीय, झेंडा नळीलाच बांधलाय, नळीखाली दोन नायलॉनचे वॉशर. झेंडा गुंडाळू लागला की नळीच फिरते आणि तो आपोआप सुटतो. नळीत तेल घालू नका. धूळ बसून चिखल होतो आणि कापडाला डाग पडतात. पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते.

पॉलिएस्टर की खादी, यावर डिसेंबर 2021 पासून दोन्ही चालतात एवढंच सांगतो. भिजलेली खादी जड होते आणि फटका मोठा बसतो, म्हणून पावसात पॉलिएस्टर.

नवा दांडा आला, पण वर सध्या चादरच आहे, कोपऱ्याला नीळ लावून. नळी रात्री किरकिरते. उद्या सकाळी आधी गज बघणार, मग चहा.