"माझं नाव काढ"

युरोपातल्या एका परिषदेला पाठवायचं, विंचूदंशावरच्या माझ्या अभ्यासाचं ॲबस्ट्रॅक्ट (थोडक्यात गोषवारा) तयार झालं, तेव्हा आमच्या कन्सल्टंट बाईंचं नाव मी सगळ्यात शेवटी, म्हणजे ज्येष्ठाच्या मानाच्या जागी, टाकलं होतं. संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं. वाचलं, चांगलं झालंय, पण यात माझं काम काहीच नाही, माझं नाव काढ.

मी सुन्न झालो. लेखक कुणाला म्हणावं याचे वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चारही निकष मला पाठ आहेत: कामात भरीव वाटा, लिखाणात किंवा ते सुधारण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही पूर्ण हवेत. पण त्यांच्यापायी स्वतःचं नाव मागे घेणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. मी शिकलो तिथे केसपेपर उपसणारा रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, चौथा लेखक आणि कागदाला हातही न लावलेले सर पहिले, हे ठरलेलंच असायचं. त्याला कुणी अन्याय म्हणत नव्हतं, रीत म्हणायचे. तिथल्या सरांनाही बढतीसाठी छापील लेख दाखवावे लागतात आणि ओपीडीची रांग दुपारपर्यंत हलत नाही, हे मला कळतं. तरी तो रेसिडेंट आठवला की अजून चीड येते.

म्हणून आपल्याकडे काम होत नाही असं इथे, मी आता काम करतो तिथे, कुणी म्हटलं, की मी गप्प बसत नाही. माझा विषय विंचूदंश. जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडसारख्या ठिकाणी, हाताशी मोठं आयसीयू नसताना, प्रॅझोसिन या औषधाने विंचवाचे रुग्ण वाचवले आणि ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. इथल्या सहकाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

माझी सगळी माहिती बीड जिल्ह्यातल्या एका दवाखान्याच्या रजिस्टरमधली. तिथल्या सिस्टरांनी शेऱ्याच्या रकान्यात लाल पेनाने लिहून ठेवलंय: "घाम, हातपाय गार, मांत्रिकाकडून आला." दंश किती वाजता आणि रुग्ण पोचला किती वाजता, दोन्ही वेळा. उशीर किती झाला हे त्यावरूनच काढता आलं. बाईंचं नाव निघाल्यावर मी सिस्टरांना फोन केला आणि मसुदा मराठीत करून व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांनी लगेच चूक पकडली: "डॉक्टर, ते पोरगं शेतातून थेट आलं नव्हतं, आधी मामाच्या गावाला नेलं होतं." तो आकडा बदलला. आता त्या दुसऱ्या लेखिका आहेत. फॉर्मला प्रत्येक लेखकाचा ईमेल लागतो, तो त्यांच्या मुलाने काढून दिला.

गाव सोडलं म्हणून घरचे अजून टोचतात. पण 250 शब्दांत सगळं बसवायला जी निवांत संध्याकाळ लागते, ती तिथल्या कॅज्युअल्टीत मला कधीच मिळाली नसती.

परभणी, हिंगोली, धाराशिवकडे कुणाकडे अशी रजिस्टरं असतील तर रद्दीत घालू नका. आधी एथिक्स कमिटीकडे (संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीकडे) अर्ज टाका, कारण तिची मंजुरी बहुतेक परिषदा विचारतातच. रुग्णांची नावं झाकून मग मला पाठवा, मसुदा मी बघून देईन.