जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी: हार्ड डिस्क वेगळी, एसएसडी वेगळी

'फॉरमॅट मारलाय, आता काय राहिलंय त्यात?' बरंच काही राहिलेलं असतं. क्विक फॉरमॅटने फाइलींची यादी तेवढी पुसते. हार्ड डिस्कवर आधारचं स्कॅन, बँकेची स्टेटमेंटं जागच्या जागी असतात आणि रिकव्हरीचं फुकट सॉफ्टवेअर ती परत काढतं.

बॅकअप झाला की आत काय आहे ते टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये पाहा. काही लॅपटॉपमध्ये छोटी एसएसडी (मेमरी चिपवर डेटा साठवणारा ड्राइव्ह) आणि सोबत १ टीबीची हार्ड डिस्क असते. हमखास दुसरी विसरली जाते.

हार्ड डिस्क असेल तर काम सोपं, फक्त वेळखाऊ. बॅकअपची डिस्क आधी काढून ठेवा. विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हने मशीन सुरू करा, शिफ्ट आणि एफ१० दाबा, कमांड टाइप करायची खिडकी उघडते. तिथे इंग्रजीत एकामागोमाग एक द्या: 'डिस्कपार्ट', 'लिस्ट डिस्क', 'सिलेक्ट डिस्क' आणि नंबर, शेवटी 'क्लीन ऑल'. ही कमांड पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिते. नंबर साइझ बघूनच निवडा, कारण यादीत पेनड्राइव्हही असतो. नुसतं 'क्लीन' दिलंत तर पार्टिशनची नोंद जाते, डेटा नाही. सेकंदाला १०० एमबी धरले तर १ टीबीला पावणेतीन तास लागतात. तोवर स्क्रीनवर काहीच हलत नाही. हँग झालं समजून बंद करू नका, चार्जर लावून ठेवा. एकदा शून्यं लिहिली की पुरे. ३५ वेळा पुसण्याची पद्धत १९९६ सालची, तेव्हाच्या डिस्कसाठी होती. आज तो निव्वळ विजेचा अपव्यय.

एसएसडीला हा उपाय भरवशाचा नाही. तिचा कंट्रोलर (आतली नियंत्रक चिप) प्रत्येक वेळी वेगळ्या सेलमध्ये लिहितो, शिवाय काही जागा राखीव असते, तिथवर आपण पोहोचत नाही. पुसायला ड्राइव्हलाच सांगावं लागतं: बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) 'सिक्युअर इरेज' असेल तर ते, नाहीतर ड्राइव्हच्या कंपनीचं टूल. साटा जोडणीची एसएसडी 'फ्रोझन', म्हणजे लॉक झालेली, दाखवत असेल तर मशीन स्लीप करून उठवा, बहुतेकदा लॉक सुटतं. ड्राइव्ह बाहेरून यूएसबी केसमध्ये लावला तर पुसण्याची ही कमांड अनेकदा जातच नाही.

ड्राइव्ह बंदच पडलाय? मग काढा आणि फोडा. लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी बऱ्याचदा काचेची असते, गॉगल घाला. एसएसडीची प्रत्येक मेमरी चिप फुटायला हवी. एका भोकाने भागत नाही आणि लोहचुंबकाचा उपयोग शून्य. बॅटरीला मात्र हातोडा लावू नका, लिथियम पेटतं.

मशीन नोंदणीकृत रिसायकलरलाच द्या. त्याआधी डीव्हीडी ड्राइव्ह आणि मेमरी कार्डाची फट तपासा.